आधी झाइन, मग बँड

क्वीअरकोअर, म्हणजे समलैंगिक आणि इतर क्वीअर मंडळींची पंक-रॉक चळवळ. तिच्यात बँड आधी आले आणि झाइन (हौशी मंडळींनी स्वतःच छापून वाटलेली छोटी मासिकं) म्हणजे नुसती त्यांची जाहिरात, असं कुणी म्हटलं की मला ते उलटं वाटतं. टोरोंटोत जी. बी. जोन्स आणि ब्रूस लाब्रूस यांनी १९८५ मध्ये 'जे.डी.ज' हे झाइन काढलं तेव्हा तिथे क्वीअर पंकांची फौज वगैरे काही नव्हती, होती मोजकी मित्रमंडळी. पण अंक वाचणाऱ्याला वाटावं, अख्खं शहर पेटलंय! थाप म्हणा हवं तर. ती थाप झेरॉक्स होऊन टपालाने गावोगावी गेली, आणि कुठेकुठे एकट्या पडलेल्या पोरापोरींनी ती खरी मानून आपापले अंक, बँड सुरू केले. १९९० मध्ये 'जे.डी.ज'ने अशा बँडांच्या गाण्यांची कॅसेटही काढली.

शिवाय या झाइनवाल्यांचं भांडण दोन्हीकडे होतं. पंकांमधल्या होमोफोबियाशी (समलैंगिकांच्या द्वेषाशी), आणि गुळगुळीत, मध्यमवर्गीय गे संस्कृतीशीही.

जाता जाता: 'जे.डी.ज'चाच 'होमोकोअर' (समलैंगिकांचं पंक) हा शब्द उचलून सॅन फ्रान्सिस्कोत १९८८ मध्ये त्या नावाचं झाइन काढणाऱ्या दोघांपैकी टॉम जेनिंग्ज म्हणजे १९८४ साली फिडोनेट (फोनलाइनवरून कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं जाळं) उभारणारा तोच! कॉम्प्युटरचं जाळं विणलेला माणूस, पण इथे भिस्त कागदावर आणि पोस्टावर.