पिक्चर लागायच्या आधी पाहिला तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार. ‘ड्यून : पार्ट टू’ हा साय-फाय, म्हणजे विज्ञानकथेचा पिक्चर १ मार्चला लागणार होता, पण अमेरिकेतल्या आयमॅक्स, म्हणजे प्रचंड मोठ्या पडद्याच्या थेटरांत चाहत्यांसाठी त्याचे काही खेळ त्या रविवारीच ठेवले होते. मी आणि माझी लेक, दोघींची तिकिटं मिळाली. हा पिक्चर खरं तर नोव्हेंबर २०२३ मध्येच यायचा, पण हॉलीवूडच्या नटांचा संप लांबला आणि तारीख पुढे गेली. म्हणजे आधीच चार महिने जादा वाट बघून झालेली. परीक्षणं २१ तारखेपासून यायला लागली होती. मी एकही उघडलं नव्हतं.

गोष्ट सांगत नाही. एकच सांगते. खलनायकांच्या ग्रहावर सूर्य काळा आहे. बाहेरची ती दृश्यं इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं टिपलेली आहेत, त्यामुळे माणसांची कातडी मेणासारखी पांढरी दिसते आणि डोळे खोल, काळे. आतली माणसं उन्हात पाऊल टाकतात आणि चालता चालता त्यांच्या अंगावरचा रंग निघून जातो. माझ्या शेजारच्या बाईंना थंडी वाजत होती म्हणून त्या कोटाची चेन लावत होत्या. ती अर्ध्यावरच राहिली. दृश्य संपेपर्यंत हात तिथेच.

सोमवारी पुण्याहून दादाचा फोन आला. ज्या कादंबरीवर हा पिक्चर आहे, तिचं वेड मला त्यानंच लावलं. कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली त्याची प्रत अजून घरी आहे, पाठीवरचा कागद सोललेली. मी अकरा वर्षांची असताना लोडशेडिंगच्या रात्री गच्चीवर त्यानं मला अर्धी गोष्ट सांगितली आणि म्हणाला, पुढचं तू वाच. आणि पिक्चरचा पहिला भाग २२ ऑक्टोबर २०२१ ला भारतात लागला, त्याच दिवशी महाराष्ट्रातली थेटरं करोनानंतर पुन्हा उघडली होती. एक खुर्ची सोडून एक असा बसून त्यानं तो पाहिला होता.

‘‘बघितलास?’’

‘‘हो.’’

‘‘कसा आहे?’’

‘‘दादा, तू बघ.’’

थोडा वेळ गप्प होता. मग ‘‘बरं’’ म्हणाला आणि आईच्या गुडघ्यांकडे विषय नेला. लीप वर्ष होतं, त्यामुळे रविवारपासून १ मार्चपर्यंत पाच दिवस काढायचे होते. रोज फोन झाला, रोज माझ्या ओठांवर यायचं, पण मी बोलले नाही. या पाच दिवसांइतकं आम्ही दोघं त्या पुस्तकाच्या जवळ कित्येक वर्षांत आलो नव्हतो, असं मला वाटतं.

तुम्हीही असा आधीचा खेळ पाहिला असेल, तर लिहा. पिक्चरची गोष्ट नको. तुम्ही कुठे बसला होता, काय झालं, आणि पोटात काय ठेवून बाहेर पडलात, ते हवं.

*

मुंबई

मी हिंदी डबिंग करते. आम्ही पिक्चर सगळ्यांच्या आधी ‘बघतो’, पण कसा ते सांगते. एका परग्रहावरच्या मोठ्या सिक्वेलचं काम होतं. फोन बाहेर जमा करायचा. बूथमध्ये समोर पडदा, आणि पडदा जवळजवळ सगळा काळा. फक्त ज्या पात्राला माझा आवाज आहे, तिच्या तोंडाभोवती एक गोल उघडा. त्यावरही आडवा वॉटरमार्क. ओठ हलतात, मी त्यावर बोलते. एक लूप, म्हणजे एक छोटा तुकडा, झाला की पुढचा.

तीन दिवस मी तिच्यासाठी धावले, धापा टाकल्या, एकदा खूप हळू ‘‘घाबरू नकोस’’ म्हटलं. कुणाला म्हणतेय, ते माहीत नव्हतं. डबिंगच्या डायरेक्टरलाही नव्हतं, त्याच्याकडेही तेवढाच गोल. त्यानं सांगितलं, आवाज असा ठेवा की समोरचा लहानही असू शकेल आणि मरणाराही.

लागायच्या आदल्या रात्री आम्हा आवाजवाल्यांसाठी एक खेळ होता. ते वाक्य आलं. तिच्या मांडीवर एक म्हातारा होता, तिचे वडील. मी ते बरोबर म्हटलं होतं की नाही, आजही ठरवता येत नाही. पण त्यांचा हात तिच्या मनगटावर होता, तो आधी दिसला असता तर मी तिथे एक श्वास घेतला असता.

*

सांगली जिल्हा

मी प्रोजेक्शनला आहे, एकोणीस वर्षं. पूर्वी रिळांचे डबे एसटीनं यायचे, आता पिक्चर हार्ड डिस्कवर येतो. तो सर्व्हरला चढवला तरी उघडत नाही. त्याची किल्ली वेगळी, मेलवर येते. ती किल्ली आमच्याच मशीनला चालते आणि ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या वेळेपर्यंतच चालते. एक मिनिट आधी लावली तरी कुलूप तसंच.

एका इंग्रजी साय-फायचा दुसरा भाग होता. आदल्या रात्री नऊचा पेड प्रीव्ह्यू, म्हणजे लागायच्या आधीचा तिकिटाचा खेळ, हाउसफुल्ल. साडेआठला बघतो तर किल्ली रात्री बारापासूनची. वितरकाच्या माणसानं प्रीव्ह्यूची वेळ टाकलीच नव्हती. फोनवर फोन. खाली पब्लिक बसलेलं, दिवे चालू. मालक म्हणाले, पैसे परत द्यायची तयारी ठेव.

मी काचेतून खाली बघत होतो. पहिल्या रांगेतलं एक कॉलेजचं पोरगं उठलं, पडद्यासमोर उभं राहिलं आणि पहिल्या भागाची गोष्ट सांगायला लागलं. मला वर ऐकू येत नव्हतं, नुसते हात दिसत होते. मागच्या लोकांना ऐकू जाईना, तेव्हा मागची पोरं पुढे येऊन जिन्यावर बसली. पन्नास मिनिटांनी नवी किल्ली आली. मी दिवे लगेच नाही मालवले. त्याचं संपत आलं होतं, संपू दिलं.

एकही तिकीट परत आलं नाही.

*

लंडन

छोटासाच. आई साताऱ्याहून पहिल्यांदा आलेली. वॉटर्लूजवळच्या बीएफआय आयमॅक्सला एका साय-फायच्या प्रीव्ह्यूची दोन तिकिटं होती. तिथला पडदा २० मीटर उंच, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा. आईला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून नेऊ की नको असं चाललं होतं. तिनं विचारलं, ‘‘हे अजून कुणीच बघितलं नाही?’’ नाही म्हटल्यावर चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, ‘‘मग नीट बघायला पाहिजे.’’ शेवटपर्यंत पाठ टेकली नाही तिनं.

*

लॉस एंजेलिस

हा प्रीव्ह्यू नव्हे, टेस्ट स्क्रीनिंग, म्हणजे पिक्चर पूर्ण व्हायच्या आधी लोकांना दाखवून मत घ्यायचं. मॉलबाहेर एकानं विचारलं, अमुक पिक्चर पाहिलाय का, त्याचा पुढचा भाग फुकट बघणार का. कागदावर सही घेतली. त्या सहीला मी अजून बांधलेला आहे, म्हणून नाव नाही.

पिक्चर अर्धवट होता. यान म्हणजे राखाडी ठोकळा, नटांच्या कमरेच्या वायर दिसतायत, संगीत दुसऱ्याच कुठल्या पिक्चरचं उसनं लावलेलं. पण मधे आई आणि मुलाचा एक प्रसंग होता. दोघं बंद पडलेल्या यंत्राजवळ बसून एक फळ वाटून खातात. बोलत नाहीत. सालं ती खाते, गर त्याला देते. त्यात इफेक्ट काहीच नव्हता, त्यामुळे सगळ्या पिक्चरमध्ये तेवढंच पूर्ण झालेलं होतं.

शेवटी प्रश्नावली दिली. ‘कुठला भाग संथ वाटला?’ यापुढे मी तो प्रसंग लिहिला. संथ होताच, म्हणून लिहिलं. वाईट आहे, असं म्हणायचं नव्हतं मला. पण तिथे तेवढीच एक ओळ होती.

आठ महिन्यांनी पिक्चर लागला. यान झगझगीत झालं होतं. फळाचा प्रसंग नव्हता. एकट्या माझ्या ओळीनं तो गेला नसेल, हे कळतं मला. त्या रात्री थेटरात आम्ही तीनेकशे होतो. त्यांच्यापैकी कुणाला तो आठवत असेल तर फार बरं वाटेल.

*

पुणे

धागा हिनं काढलाय म्हटल्यावर मला लिहायलाच हवं. तो दादा मी.

१ मार्चला सकाळच्या खेळासाठी मी मुंबईला गेलो. चर्चगेटचं इरॉस, १९३८ सालचं. कित्येक वर्षं बंद होतं, ते नुकतंच आयमॅक्स होऊन उघडलं होतं. कॉलेजात असताना तिथे बाल्कनीत बसलोय, म्हणून तिथेच बघायचा होता.

आपल्याकडे मध्यंतर असतं. दिवे लागले तसा मी बाहेर येऊन जिन्यापाशी उभा राहिलो आणि हिला फोन लावला. तिच्याकडे अजून आदल्या दिवसाची रात्र होती. पहिल्याच रिंगला उचलला.

‘‘काळा सूर्य झाला?’’ तिनं विचारलं.

‘‘झाला.’’

पुढे दोघंही काही बोललो नाही. फोन चालू होता, तिच्या घरातल्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. मग इथे घंटा झाली आणि मी आत गेलो.