तीव्र वास-चवींचे इंग्रजी शब्द: 'स्ट्राँग' आणि 'स्पायसी' एवढ्यावरच किती दिवस भागवायचं?

शब्दवेडा
इंग्रजीत लिहायला बसलो की नाकाला झोंबलं ते 'स्ट्राँग स्मेल' आणि जिभेला झोंबलं ते 'स्पायसी', एवढ्यात आपण विषय संपवतो, हे मला अजिबात पटत नाही. शब्द आहेत हो ढिगाने! नाकात शिरून टोचतो तो पंजंट, प्लास्टिक जळल्यावर घसा खवखवायला लावणारा धूर ॲक्रिड, तेल जुनं होऊन खवट झालं की रॅन्सिड, बंद खोलीचा कुबट वास मस्टी. आंबटातसुद्धा टँगी म्हणजे हवाहवासा आंबटपणा आणि टार्ट म्हणजे दात आंबवणारा. मराठीत खवटच्या जागी आपण कुबट कधी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर लगेच खटकतं, मग इंग्रजीतच सगळं एका पोत्यात कशाला कोंबायचं? बाकीचं राहू दे, निदान पंजंट तरी रोजच्या वापरात आणा.

रोखठोक
नेमका पंजंटच निवडलात? सगळ्यात ढिसाळ शब्द आहे तो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची रसायनांच्या धोक्यांची पॉकेट गाइड आहे, कामगारांसाठी काढलेली, ती उघडून बघा. अमोनियाचा वास पंजंट, क्लोरीनचा पंजंट, फॉर्मल्डिहाइडचा पंजंट, सल्फर डायऑक्साइडचाही पंजंट. आता ज्याने अमोनिया आणि क्लोरीन दोन्ही हुंगलेत तो डोळे बांधूनही सांगेल कुठला कुठला ते, इतके वेगळे आहेत. मग ह्या शब्दाने वासाबद्दल सांगितलं काय? काहीच नाही. त्यापेक्षा 'ब्लीचसारखा वास' हे चार साधे शब्द परवडले, वाचणाऱ्याला क्षणात कळतं.

प्रयोगशाळेतली
रोखठोक, उदाहरण बरोबर आहे पण त्यातून निघतं ते तुमच्या उलट. पंजंट हा शब्द वासाचा प्रकार सांगतच नाही, तो बोचणं सांगतो (मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच टोचणं). आणि हे दोन्ही शरीरात खरंच वेगळं चालतं. वास कळतो तो वासाच्या मज्जातंतूने, झोंबणं कळतं ते चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूने. म्हणूनच ज्यांना वास अजिबात येत नाही अशा माणसांनाही अमोनिया नाकात टोचतो आणि कांदा चिरताना डोळ्यात पाणी येतं. त्या चारही वायूंपुढे तोच शब्द आहे कारण चौघंही तेच करतात, टोचतात, आणि कामगाराला आधी तेवढंच कळायला हवं.

तिखटाचंही तसंच, शास्त्राच्या हिशोबात ती चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य ज्या रिसेप्टरला (मज्जापेशीवरच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं तो साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या टीमने तो 1997 मध्ये शोधला, 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याच कामासाठी होता. त्यामुळे इंग्रज मिरचीला 'हॉट' म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

जुनाजाणता
शास्त्र काहीही म्हणो, लिहिताना हॉटने घोटाळाच होतो. 'हॉट सूप' म्हणजे गरम की तिखट हे सांगायला परत पुढे एक वाक्य लिहावं लागतं. आणि मोहरीच्या तिखटाला काय म्हणणार? मिरची जिभेवर ठाण मांडून बसते, पाणी प्यायलात तरी हटत नाही. मोहरीचा भपकारा सरळ नाकातून कपाळात जातो, डोळे गच्च मिटायला लावतो, आणि जरा वेळाने नाक मोकळं, जसं काही झालंच नव्हतं. दोन्हीला हॉट? मला इथे इंग्रजी शब्द तोकडाच वाटतो.

प्रयोगशाळेतली
जुनाजाणता, हे निरीक्षण अगदी नेमकं आहे, कारणही आहे त्याला. मोहरीतलं तिखट द्रव्य हवेत उडतं म्हणून नाकात जातं, कॅप्सेसिन उडत नाही, शिवाय ते तेलात विरघळतं पाण्यात नाही, म्हणून पाण्याने हटत नाही आणि दुधाने उतरतं. मी मोहरीला पंजंट म्हणते, मिरचीला हॉट. सगळेच इंग्रज हा भेद पाळतात असं नाही पण आपण पाळायला काय हरकत आहे.

मुक्ता
मला तर वाटतं सगळेच इंग्रजीला फार भाव देताय. वासाच्या बाबतीत ती भाषा मुळात गरीबच. फिशी, स्मोकी, गार्लिकी, जिकडून वास आला त्या वस्तूचंच नाव घेऊन शेपूट जोडायचं. मलाय द्वीपकल्पातले जाहाई लोक बघा, त्यांच्याकडे वासांसाठी स्वतंत्र शब्द आहेत, पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा या तिन्हींच्या झोंबऱ्या वासाला मिळून एकच क्रियापद आहे. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या भाषा-संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की ते वासाला रंगाइतक्याच सहज नाव देतात, आणि इंग्रजी बोलणारे त्याच वासांपुढे चाचपडत लांबलचक वर्णनं करत बसले. ज्यांची स्वतःची ही गत, त्यांचे शब्द घोकून आपण काय मिळवणार?

शब्दवेडा
मुक्ता, पेट्रोल आणि धूर एकाच शब्दात बसवणारी ती भाषा तुम्हाला श्रीमंत वाटते, आणि पंजंटने चार वायू एकत्र बांधले की तो शब्द ढिसाळ? एकच न्याय लावा की. रोखठोक यांचं अर्धं मान्य करतो, नुसतं पंजंट लिहून थांबू नये, 'पंजंट, ब्लीचसारखा' असं जोडीने लिहावं. पण स्पायसीला माझा विरोध कायम. दालचिनी स्पायसी आहे, लवंगही आहे, आणि दोन्हींना मिरचीसारखा जाळ नाही. तिखटासाठी हा शब्द वापरला की वाचणारा पाणी घेऊन बसतो.

रोखठोक
जोडीने लिहायचं असेल तर पंजंट चालेल मला. स्पायसीचं मात्र विसरा, जगभर लोक तिखटासाठी तोच वापरतात आणि वापराच्या पुढे कुणाचं चालत नाही. आणि लवंग नुसती चावून बघा एकदा, मग सांगा झोंबत नाही म्हणून.