हिझा काक्कुन आणि मधाचं चेस्टनट

कुणीतरी लिहिलंय की जपानी शाळांत इतकी शिस्त, तिथे पोरं खोड्या कुठली काढणार! अहो, काढतात की, आणि प्रत्येक खोडीला रीतसर नावही असतं.

'हिझा काक्कुन' घ्या. हिझा म्हणजे गुडघा, आणि काक्कुन हा तो अचानक मुडपतो त्याचा ध्वन्यनुकारी शब्द. रांगेत बेसावध उभ्या असलेल्याच्या मागे जायचं, आपले गुडघे वाकवून त्याच्या गुडघ्यांमागे हळूच ढकलायचे. गडी खाली बसलाच! ताठ उभं राहायची शिस्त असली की हे आणखी सोपं. 'देकोपिन' म्हणजे कपाळावर टिचकी. 'शिप्पे' म्हणजे दोन बोटं जुळवून मनगटावर सपकन फटका. हा शब्द मात्र थेट झेन मठातला, ध्यान शिकवणाऱ्या गुरूच्या हातातली बांबूची काठी ती. मठातून मधल्या सुट्टीत कशी आली कोण जाणे.

कोरियात टिचकीला 'त्ताकबाम' म्हणतात: त्ताक हा आवाज, बाम म्हणजे चेस्टनट, एक टणक कवचाचं फळ. डोक्यात टपली मारली तर 'क्कुलबाम', मधाचं चेस्टनट! आपल्याकडे 'प्रसाद' मिळतो, तसंच. हे बहुतेकदा दगड-कागद-कात्री हरल्याची शिक्षा म्हणून.

खोडी आणि छळ यांतली रेघ पुसट आहे, हे मान्य. जपानच्या 2013च्या छळवणूकविरोधी कायद्यात मारणाऱ्याचा हेतू बघत नाहीत, सोसणाऱ्या मुलाला त्रास झाला का ते बघतात. म्हणजे 'गंमत केली सर' चालत नाही.