गन शोमध्ये खाजगी विक्रीवर बंधन असावं का? (शनिवारच्या भांडणावरून)

डॅलसचा नाना
शनिवारी शेजाऱ्यासोबत इथल्या गन शोला गेलो होतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या आठवडी बाजारासारखाच प्रकार असतो, मोठा हॉल, ओळीने टेबलं, बंदुकांच्या शेजारी बीफ जर्की, सुऱ्या, जुनी नाणी, सगळं एकत्र. दारात तुमची बंदूक रिकामी आहे का बघतात आणि प्लास्टिकची पट्टी ओवून बांधून टाकतात. शेजाऱ्याने वडिलांची जुनी शॉटगन विकायला आणलेली, खांद्यावर बंदूक, नळीत काडी, काडीला कागद, ३५० डॉलर. तर दारातच नवी पाटी, इथली प्रत्येक विक्री लायसन्सवाल्या डीलरच्या टेबलावरून, बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याला बंदुकीची बंदी आहे का याची सरकारी तपासणी) करूनच होईल. हा कायदा नाही, आयोजकाचा नियम. झालं, शेजारी भडकला, दारातल्या माणसाशी वीस मिनिटं वाद, मागे ही रांग, आणि मी बाजूला उभा राहून मोबाईल बघतोय.

कायदा असा आहे की डीलर दुकानात विको नाहीतर शोमध्ये, फॉर्म ४४७३ (घेणाऱ्याने भरून सही करायचा केंद्र सरकारचा, म्हणजे फेडरल फॉर्म) आणि चेक सक्तीचा. पण जो धंदा करत नाही, घरातली एखादी बंदूक विकतो, त्याला फेडरल कायद्याने चेक करावा लागत नाही, घेणारा त्याच राज्यातला हवा आणि त्याला बंदी आहे असं विकणाऱ्याला माहीत नसावं, बास. टेक्सासने वर वेगळं काही घातलेलं नाही. म्हणजे एकाच हॉलमध्ये या टेबलावर एक नियम आणि शेजारून चालणाऱ्या माणसाला दुसरा.

माझं मत, पाटी बरोबर होती आणि हा कायदाच व्हायला हवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) होतो. एका आजोबांनी पिस्तूल हातात दिलं आणि एवढंच विचारलं, टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स आहे ना? होतं की! आता एच-१बीवाल्याला शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर बंदूक बाळगणंच फेडरल गुन्हा आहे, हे ना त्यांना माहीत ना मला. घासाघीस जमली नाही म्हणून वाचलो, नाहीतर ग्रीन कार्ड बोंबललंच होतं.

कोल्हापुरी इन ह्यूस्टन
नाना, किस्सा भारी, पण तुम्ही काय दरोडा टाकणार होता का? हाच माझा मुद्दा आहे, या पाट्यांनी अडतात ती तुमच्या शेजाऱ्यासारखी माणसं. न्याय खात्याने २०१६ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांना विचारलं होतं, ज्यांच्याकडे गुन्ह्याच्या वेळी बंदूक होती त्यातल्या एक टक्क्यापेक्षा कमी लोकांनी ती गन शोमधून घेतलेली, ४३ टक्के चोरबाजारातून. चोरबाजारात कोण पाटी लावणार आहे? आयोजकाचा हॉल, आयोजकाचा नियम, त्याला माझी हरकत नाही, पटत नसेल तर शेजाऱ्याने दुसऱ्या शोला जावं. पण सरकारने सक्ती करू नये. आज चेक म्हणतील, उद्या तो चेक झाला का हे बघायला रजिस्टर लागेल, मग घरोघर यादी.

डेन्व्हरची मावशी
फेडरल रजिस्टर करायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे रे, ती भीती जरा बाजूला ठेव.

आणि आमच्या कोलोरॅडोचं ऐक. कोलंबाइन शाळेत ज्या दोन पोरांनी गोळीबार केला त्यांच्याकडे दोन शॉटगन आणि एक कार्बाइन (आखूड रायफल) होती, ती त्यांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीने डेन्व्हरच्या टॅनर गन शोमधून घेऊन दिलेली, तीसुद्धा मुद्दाम खाजगी विकणाऱ्यांकडून, कारण डीलरकडे कागद भरावे लागतात. १९९९ ला ते घडलं, २००० मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून शोमधल्या सगळ्या विक्रीला चेक लावला, सुमारे ७० टक्के मतं बाजूने. म्हणजे बंदुका बाळगणाऱ्यांनीही दिली असणार ना, नाहीतर ७० येतात कुठून इथे? त्यानंतर शो बंद पडले का? नाही पडले, आमच्या घरातलेच दरवर्षी जाऊन काहीतरी घेऊन येतात आणि गॅरेज भरतं.

कोल्हापुरी इन ह्यूस्टन
मावशी, ती पोरगी १८ ची होती आणि रेकॉर्ड स्वच्छ, रायफल-शॉटगनला तेव्हा तेवढं वय चालायचं. चेक केला असता तरी पास झाली असती.

डेन्व्हरची मावशी
झाली असती ना. पण ती स्वतःच नंतर म्हणाली की चेक असता, फॉर्म भरायचा असता तर घेतल्या नसत्या. फॉर्म ४४७३ वर पहिल्याच प्रश्नांत विचारतात, खरी घेणारी तूच आहेस का? खोटं लिहून खाली सही करायची म्हणजे हात कापतो माणसाचा.

टॅम्पाकर
आमच्याकडे फ्लोरिडात अजून मजा. १९९८ मध्ये मतदान घेऊन घटनेतच घातलं की लोकांना जिथे मोकळा प्रवेश आहे अशा ठिकाणच्या विक्रीला काउंटी (म्हणजे जिल्हा) हवं तर चेक आणि ३ ते ५ दिवसांची वाट लावू शकते (वाट बघायला लावू शकते, असं वाचा 😄). काही काउंट्यांनी लावलं, काहींनी नाही. मग काय, पूल ओलांडला की नियम बदलला. आणि जिथे लावलंय तिथेही कोण तपासायला येतं, मी तरी बघितलेलं नाही. नुसता कायदा करून काय उपयोग.

देवगडचा बंड्या
आमच्या आजोबांकडे शेतीरक्षणाची बंदूक होती, माकडं आणि डुकरांसाठी. इलेक्शन लागलं की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. तेवढ्या दिवसांत माकडं अर्धी बाग साफ करत. तरी आजोबांना कधी हक्कबिक्क आठवला नाही. तुमचा शेजारी २० मिनिटं कसला भांडतोय?

कोल्हापुरी इन ह्यूस्टन
बंड्या, तुझ्याकडे सरकार देतं तेव्हा बंदूक मिळते, इथे घटनेने हक्क दिलाय. तुलनाच चुकीची आहे.

जर्सीची अनघा
मला दोन्ही बाजूंचा एक शब्द खटकतो, गन शो लूपहोल. शोला वेगळा कायदा नाहीये, पळवाट आहे ती खाजगी विक्रीची, शोमध्ये काय किंवा ऑनलाइन जाहिरात बघून पार्किंगमध्ये काय. २०१९ मध्ये टेक्सासच्या मिडलंड-ओडेसात ज्याने ७ माणसं मारली तो २०१४ मध्ये दुकानातल्या चेकमध्ये नापास झालेला, मग खाजगी माणसाकडून रायफल घेतली, गन शोचा संबंधच नाही. तो विकणारा पुढे विना-लायसन्स धंद्यासाठी तुरुंगात गेला, पण माणसं गेल्यावर. म्हणून कोल्हापुरींचा एक टक्का मला पटतो, पण त्यातून शो मोकळे सोडा असं निघत नाही, बाकीच्या विक्रीलाही लावा असं निघतं. २०१३ मध्ये गन शो आणि ऑनलाइन विक्रीला चेक लावणारं मॅंचिन-टूमी बिल ५४-४६ ने पडलं, बहुमत असून, कारण सिनेटमध्ये ६० लागतात. २०२४ ला एटीएफने (बंदुकांचे कायदे बघणारं फेडरल खातं) 'धंदा करणारा', म्हणजे ज्याला लायसन्स लागतं तो कोण, याची व्याख्या रुंद केली तर टेक्सासमध्ये ती कोर्टाने लगेच अडवली. म्हणून आता हॉलवाल्याची पाटी एवढंच उरतं.

कोल्हापुरी इन ह्यूस्टन
अनघाताई, निदान तुम्ही आकडा मान्य केलात. बाकी असहमत. नाना, शेवटी विकली का शॉटगन?

डॅलसचा नाना
नाही ना. एक गिऱ्हाईक ३२० ला तयार झालं, नोटाही मोजून झाल्या. डीलरच्या टेबलावर चला, ३० डॉलर फी आहे म्हटल्यावर म्हणाला आयडी गाडीत राहिलं, आणून देतो. आम्ही हॉल बंद होईपर्यंत थांबलो. आलाच नाही.

कोल्हापुरी इन ह्यूस्टन
३० डॉलर वाचवायला गेला असेल हो.

डॅलसचा नाना
असेलही. शेजारी पण हेच म्हणतोय, आणि वर आयोजकाला शिव्या.

कोल्हापुरी इन ह्यूस्टन
१२ गेज (नळीचं माप) आहे का? ३०० ला देईल?

डॅलसचा नाना
१२ च. विचारतो. पण मध्ये डीलर, फी तुझी.