‘पहिला रकाना’ म्हणजे कितवा?

प्रश्न

एका पतसंस्थेतल्या मंडळींसाठी माहिती साठवायच्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फॉर्मचं मराठी टिपण लिहितेय. फॉर्मवर सभासद निवडायला कॉम्बो बॉक्स (खाली उघडणारी यादी) आहे, त्यात चार कॉलम: सभासद क्रमांक, नाव, गाव, शिल्लक. क्रमांकाच्या कॉलमची रुंदी ० ठेवलीय, म्हणून तो दिसत नाही. मी लिहिलं, ‘पहिल्या रकान्यातलं मूल्य वाचा’. कोड लिहिणाऱ्या मुलाने कॉलम(१) वाचला आणि क्रमांकाच्या जागी नाव आलं. चूक त्याची की माझ्या मराठीची? आणि कॉलमला रकाना म्हणावं की स्तंभ?

प्रतिसाद

अ‍ॅक्सेसच एका तोंडाने दोन बोलतं. कॉलम( ) ची मोजणी ० पासून, म्हणजे सभासद क्रमांक कॉलम(०) आणि नाव कॉलम(१). त्याच कॉम्बोचं मूल्य कोणत्या कॉलममधून घ्यायचं ते ठरवणाऱ्या बाउंड कॉलम या गुणधर्मात मात्र १ म्हणजे सभासद क्रमांक. तिथे ० घातलात तर एकही कॉलम बांधला जात नाही, निवडलेल्या ओळीचा क्रमांकच मूल्य म्हणून हाती येतो. तोही शून्यापासून मोजलेला.

त्यात पडद्यावर जो पहिला दिसतो तो नावाचा! तेव्हा त्या पोराला फार बोलू नका.

प्रतिसाद

स्तंभ म्हणा. ‘रकाना’ माझाही आवडता शब्द, पण त्याला दोन अर्थ चिकटलेत. ‘रकानेच्या रकाने भरून लिहिलं’ म्हणतो तेव्हा तो उभा पट्टा असतो, आणि अर्जावर ‘योग्य रकान्यात खूण करा’ असतं तेव्हा एकच चौकट. तुमच्या वाक्यात दोन्ही बसतात. पहिली चौकट, की पहिला उभा पट्टा? सरकारी तक्त्यात ‘रकाना क्र. ३’ चालून जातं, कारण वर आकडा छापलेला असतो. कॉम्बोवर तो नसतो.

प्रतिसाद

स्तंभ म्हटलं की मला देवळाचा खांब नाहीतर वर्तमानपत्रातलं सदर आठवतं. पतसंस्थेतला कारकून दिवसभर ‘कॉलम’ म्हणतो, तेच लिहा की.

मला खटकतो तो ‘पहिला’. आपल्याकडे ‘कितवा’ हा झकास शब्द आहे, पण शून्याला ‘वा’ लागत नाही. ‘शून्यावा कॉलम’ कुणी म्हणत नाही. तरी शून्यापासून मोजायची आपल्याला सवय आहेच. तळमजला, मग जिना चढून पहिला मजला. कॉलम(०) हा तळमजला समजा. किंवा पोराचं वय घ्या: चार पूर्ण झाली की आपण ‘पाचवं लागलं’ म्हणतो. कॉलम(१) म्हणजे एक कॉलम ओलांडला, दुसरा लागला. बाउंड कॉलममधला आकडा ‘कितवं लागलं’ ते सांगतो, कंसातला आकडा ‘किती पूर्ण’ ते.

प्रश्नकर्ती

वयाचं उदाहरण त्या मुलाला लगेच पटलं! आता वाक्य असं केलंय: ‘सभासद क्रमांकासाठी कॉलम(०) वाचा. हा डावीकडून पहिला कॉलम. रुंदी ० असल्याने दिसणार नाही.’ ‘मूल्य’ राहू देते. ‘किंमत’ लिहिलं असतं तर सभासदाची किंमत काढल्यासारखं वाटलं असतं.

आणखी एक. वसुलीच्या फॉर्मवर लिस्ट बॉक्स (कायम उघडी दिसणारी यादी) आहे, त्यात एकदम पाच-सहा सभासद निवडता येतात. तिथे ‘निवडलेलं मूल्य’ म्हणू ना?

प्रतिसाद

नको. एकाहून जास्त ओळी निवडायची सोय चालू केली की लिस्ट बॉक्सचं स्वतःचं मूल्य नल, म्हणजे रिकामं असतं, मग पाच निवडा की एकच. ‘निवडलेल्या ओळी’ म्हणा. निवडलेल्या ओळींचे क्रमांक आयटम्स सिलेक्टेडमध्ये असतात, त्यातून एकेका ओळीचा क्रमांक घ्यायचा आणि, तिथेही तेच चार कॉलम असतील तर, कॉलम(३, ओळ) असं विचारायचं, म्हणजे त्या सभासदाची शिल्लक येते. आधी कॉलम, मग ओळ. बोलताना आपण ‘अमक्या ओळीचा तमका कॉलम’ म्हणतो, त्यामुळे इथे हमखास उलटसुलट होतं.

प्रतिसाद

आणि त्या यादीला वर शीर्षकं लावली असतील तर ओळ ० ही शीर्षकांचीच असते. तळमजल्यावर दुकानं, सभासद पहिल्या मजल्यापासून राहायला.