थोरल्या भावासाठी एए मीटिंग: फोंड्याहून सुरुवात कशी करावी?

प्रश्न (फोंड्याहून एक बहीण)

सर्वांना नमस्कार. माझे थोरले बंधू बरीच वर्षे रोज दारू पितात. या चतुर्थीनंतर त्यांनी स्वतःहून सांगितले की, दारू सोडायची आहे, पण एकट्याने ते जमत नाही आणि ज्यांनी ती सोडली आहे अशा माणसांशी त्यांना बोलायचे आहे. गोव्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) मीटिंगा भरतात हे आम्हांला ठाऊक आहे. मात्र त्या पुष्कळदा चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहात होतात. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सेवेत असल्यामुळे आईला हे कसे वाटेल, याची दादांना चिंता आहे. त्यांचे इंग्रजी बेताचे आहे. शिवाय गोवा एवढासा, तिथे ओळखीचे कोणी भेटले तर काय, या विचाराने ते दोनदा निघण्याची तयारी करून घरीच थांबले. मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (एए सदस्य, म्हापसा)

ताई, आपल्या दादांनी हे स्वतः बोलून दाखवले, यातच सदस्यत्वाची एकमेव अट पूर्ण झाली आहे. दारू थांबवण्याची इच्छा, याखेरीज एए कोणाकडून काहीही मागत नाही. फी नाही, अर्ज नाही, नावाची नोंदही नाही. 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली आणि ती कोणत्याही धर्माशी, पंथाशी वा पक्षाशी बांधलेली नाही. सभागृह चर्चचे असले तरी मीटिंग चर्चची नसते: जागा परवडते आणि संध्याकाळी मोकळी असते, एवढाच त्यामागचा हिशेब. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो हे खरे, पण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावायचा असतो. माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ मंगेशीचे निस्सीम भक्त आहेत आणि दुसऱ्या बाजूचे कोणताच देव मानत नाहीत. आईंना हे आपण शांतपणे सांगितलेत तर त्या समजून घेतील, असे मला मनापासून वाटते.

भाषेचे म्हणाल तर गट निवडताना फोनवर आधी विचारून घ्यावे, कारण काही गटांत इंग्रजी अधिक चालते, तर काहींत कोकणी. बोलणाऱ्याने मराठीत बोलले तरी कोणी अडवत नाही, आणि पहिल्या दिवशी काहीही न बोलता नुसते ऐकून परतण्याची पूर्ण मुभा असते. ओळखीच्या माणसाची भीती मात्र मी हलकी मानणार नाही. फोंड्यात संकोच वाटत असेल तर पणजी, मडगाव किंवा म्हापशाचा गट गाठावा. आमच्यातील पुष्कळांनी सुरुवात दुसऱ्या तालुक्यातच केली. आणि खोलीत ओळखीचा चेहरा दिसलाच, तर तोही त्याच कारणाने तिथे आलेला असतो व तिथले बाहेर न बोलण्याचे बंधन त्यालाही तितकेच लागू असते. आपण सोबत जाणार असाल तर ‘खुली’ मीटिंग आहे ना, हे विचारा. ‘बंद’ मीटिंगमध्ये फक्त दारूची समस्या असलेल्यांनाच प्रवेश असतो. एका गटात मन रमले नाही तर दुसरा पाहावा. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो.

उत्तर (समुपदेशक, पणजी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट त्याआधी यायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी दारू एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते. पहिल्या दिवशी हात थरथरणे, घाम, झोप न लागणे हे दिसते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत किंवा जवळच्या डॉक्टरांकडे तपासणी करून, त्यांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. मीटिंग आणि औषधोपचार हे एकमेकांचे पर्याय नाहीत, दोन्ही बरोबरीने चालू शकतात. कुठून सुरुवात करावी हे ठरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पूड जेवणात मिसळण्याचा मोह घरच्यांनी कटाक्षाने टाळावा. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि वर दारू प्यायली गेली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. प्रथम बांबोळीला जाऊ. वहिनींसाठी काही सोय आहे का? त्या पार थकल्या आहेत.

उत्तर (अल-अनॉन सदस्य, डिचोली)

आहे, ताई. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना आहे, आणि दादा एएत गेले नाहीत तरी वहिनी तिथे जाऊ शकतात. बाटल्या लपवणे, कामावर खोटे निरोप देणे, उधारी फेडणे ही घरच्या बायकांनी वर्षानुवर्षे वाहिलेली कामे असतात. ती एकेक करून खाली कशी ठेवायची, हे मी तिथे इतर बायकांकडून शिकले. एएच्या क्रमांकावर विचारले की बहुधा अल-अनॉनच्या गटाची माहितीही मिळते. दादांची मीटिंग ठरण्याची वाट पाहू नये. वहिनींनी याच आठवड्यात फोन करावा.