सोसायटीचा ग्रुप : बाक कधी बसणार?

बी-२०२, सेक्रेटरी (सकाळी ६:४०)
सुप्रभात 🙏 ज्येष्ठांसाठी खास. सकारात्मक विचार करा आणि आयुष्य साडेसात वर्षांनी वाढवा! शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. हसत राहा, तक्रारी सोडा, वय हा फक्त आकडा आहे. जास्तीत जास्त ज्येष्ठांपर्यंत पोहोचवा.

बी-३०१, काकू (६:५८)
सेक्रेटरीसाहेब, रागावू नका, पण आज राहवलं नाही म्हणून लिहिते. आमचे हे २३ दिवस खाली उतरलेले नाहीत. कारण तुम्हाला माहीत आहे. २३ दिवसांपूर्वी काय काढलं ते सगळ्यांनाच माहीत आहे.

सी-५०२, आजोबा (७:०१)
बाक कधी बसणार?

बी-१०१ (७:०३)
आजोबा, आधी सुप्रभात तरी म्हणा 😄

सी-५०२, आजोबा (७:०४)
सुप्रभात. बाक कधी बसणार?

सी-१०३ (७:१५)
तिथे आता माझी गाडी लागते म्हणून हे माझ्यावर येतंय का? असेल तर स्पष्ट बोला. जागा कमिटीने दिली आहे, मी बळकावलेली नाही. मेंटेनन्स एक दिवसही उशिरा भरलेला नाही. तो कोण कोण उशिरा भरतं, तेही मग ग्रुपवर येऊ दे.

ए-५०१, चेअरमन (७:२२)
मीटिंगमध्ये ठरलेले विषय ग्रुपवर उकरू नयेत ही नम्र विनंती. टाकीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात असेल.

बी-३०१, काकू (७:३१)
तुझ्या गाडीशी माझं भांडण नाही रे बाळा. तू चौथीत असताना त्याच बाकावर ह्यांनी तुझे पाढे घेतलेत.
मी फक्त काय झालंय ते सांगते. रोज सकाळी हे खाली उतरायचे, बाकावर पाच मिनिटं टेकायचे, गेटपर्यंत जाऊन यायचे, पुन्हा टेकायचे. असे चार-पाच फेरे व्हायचे. बाक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत पाय लटपटले. भिंतीला धरून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "काका, काय झालं?" पायांपेक्षा ते विचारणंच त्यांना लागलं. तेव्हापासून रोज "आज नको".
आता घरातसुद्धा बाथरूमला जाताना भिंतीचा आधार लागतो. पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर त्यांच्या हाताचा काळपट पट्टा उमटलाय. मागच्या महिन्यात नव्हता. मी तो पुसत नाही. पुसताना त्यांनी पाहिलं तर त्यांना कळेल, की माझ्या लक्षात आलंय.

बी-१०१ (७:३४)
काकू 🙏

सी-४०१ (७:३६)
लिफ्टमधला दिवा परत गेलाय. कुणी बघणार आहे का?

बी-२०२, सेक्रेटरी (७:४०)
दिव्याचं सांगितलंय. काकू, काकांना सकाळची फिरायला जायची ऊर्मीच मनातून यायला हवी. म्हणूनच मेसेज टाकला होता. मन खंबीर असलं की बाक लागत नाही.

सी-५०२, आजोबा (७:४१)
लागतो. माझं वय ७८. मला लागतो. कधी बसणार?

ए-४०४, फिजिओथेरपिस्ट (८:५०)
आत्ता वाचलं. काकू, संध्याकाळी सहाला येते, काकांशी बोलते. तपासायला आले असं मात्र सांगू नका.
सेक्रेटरीसाहेब, तुमच्या मेसेजमधला साडेसात वर्षांचा अभ्यास खरा आहे, म्हणूनच लिहिते. २००२ मधला, येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका गावच्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांचा. पण हसत राहा, तक्रारी सोडा, हे त्यात कुठेच नव्हतं. स्वतःच्या म्हातारपणाकडे माणूस कसं बघतो, हे त्यांना विचारलं होतं. वय वाढतं तसे आपण निरुपयोगी होतो असं वाटतं का, अशा प्रकारचे प्रश्न. ज्यांची उत्तरं चांगली होती ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगलेले आढळले. विचारानेच आयुष्य वाढलं, असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण आपण निरुपयोगी झालो हे माणसाच्या डोक्यात येतं कुठून? आजूबाजूचे लोकच ते ऐकवत असतात.

बी-३०१, काकू (८:५८)
"दोन-चार म्हाताऱ्यांसाठी जागा किती दिवस अडवायची" हे मीटिंगमध्ये कोण म्हणालं, मी नाव घेत नाही. हे मागच्याच खुर्चीवर बसले होते. घरी आल्यावर कानाचं मशीन काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

बी-१०१ (९:०१)
😔

ए-५०१, चेअरमन (९:०९)
बोलण्याच्या भरात एखादा शब्द इकडेतिकडे होतो. तो इतके दिवस धरून ठेवायचा का?

सी-५०२, आजोबा (९:१०)
मीही होतो तिथे. शब्द इकडेतिकडे झाला नव्हता.

ए-४०४, फिजिओथेरपिस्ट (९:२५)
मशीनचं आधी बघू काकू. ऐकू कमी येणं ही साधी गोष्ट नाही. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, जी कारणं टाळता येण्यासारखी मानली जातात, त्यांत ते आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या अहवालात अशी १४ कारणं आहेत, एकटेपणही त्यातच. मशीन लावल्यावर सुरुवातीला सगळाच आवाज अंगावर येतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. रोज थोडा थोडा वेळ लावत राहायला हवं.
आता बाकाचं. जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते. शिवाय तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस. पूर्वी सलग १० मिनिटं झाली तरच ती मोजायची असं होतं. २०२०च्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटं चाल, बस, पुन्हा पाच मिनिटं चाल, हे सगळं धरलं जातं. काका नेमकं हेच करत होते, कुणी न सांगता. मध्ये बसायला जागा असेल तरच ते जमतं.

ए-३०३ (९:४८)
मी बाहेरगावी आहे, सगळं आत्ता वाचतेय. आई फोनवर रोज "मी मजेत आहे" म्हणते. तिला खाली शेवटचं कुणी पाहिलंय?

बी-१०१ (१०:०७)
ताई, बाक काढल्यापासून नाही पाहिलं. खरं सांगतो, तुम्ही विचारेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आता वर जाऊन येतो.

सी-१०३ (१०:१२)
ताई, नव्वदीच्या माणसाला व्यायाम सांगून काय होणार? वयाचं वयाला होणारच ना. वाद घालायला विचारत नाहीये. माझ्या आईचे गुडघे गेलेत, म्हणून विचारतोय.

ए-४०४, फिजिओथेरपिस्ट (१०:३०)
चांगलं विचारलंत. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून ८ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्नायूला वय कळत नाही असं मी म्हणणार नाही, त्याला कळतं. पण काम दिलं की तो नव्वदीतही ऐकतो. आणि काम काढून घेतलं की फार लवकर सोडून देतो, म्हातारपणी तर आणखी लवकर. काकांचे २३ दिवस मला त्यासाठीच टोचतायत. आईंना घेऊन या, गुडघे बघून सांगते.

बी-१०१ (१०:४१)
ए-३०३ताई, आई भेटल्या. बऱ्या आहेत. खाली का येत नाही विचारलं, तर म्हणाल्या, "उभ्याने किती बोलणार?"

ए-३०३ (१०:४२)
🙏🙏

सी-५०२, आजोबा (१०:४४)
बाक कधी बसणार?

सी-४०१ (१०:५०)
एका पायावर १० सेकंद उभं राहायची काहीतरी टेस्ट असते ना ताई?

ए-४०४, फिजिओथेरपिस्ट (१०:५८)
असते. २०२२ मध्ये ब्राझीलमधला अभ्यास आला होता, ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांचा. ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्याने घाबरून जायचं नाही, तोल सरावाने सुधारतो.

बी-१०१ (११:०२)
वय ४२. सात सेकंद. बायको हसतेय.

सी-४०१ (११:०३)
३१ सेकंद 💪

सी-१०३ (११:०५)
डावा १२, उजवा ४०. हे नॉर्मल आहे का?

बी-२०२, सेक्रेटरी (११:०६)
कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय घ्यावेत.

ए-४०४, फिजिओथेरपिस्ट (११:०८)
साठीच्या पुढच्यांनी एकट्याने करून बघू नका! हाताशी भक्कम खुर्ची आणि जवळ माणूस हवं. आणि रात्री उठताना पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मग उभं राहा, रक्तदाब एकदम उतरतो. पॅसेजला छोटा दिवा ठेवा. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, की रात्री उठावं लागतं.

सी-५०२, आजोबा (११:०९)
मला खुर्ची धरून १० झाले. बाक असता तर बाक धरला असता. कधी बसणार?

ए-५०१, चेअरमन (११:४०)
ते वाक्य माझं होतं, सगळ्यांना माहीतच आहे. माझी आई असती तर तिच्यासमोर बोललो नसतो. काकांना भेटायला मी येऊन जातो. मात्र बाकाचा निर्णय मीटिंगमध्येच होईल, ग्रुपवर दबाव आणून नाही.

बी-३०१, काकू (११:४४)
या. मशीन लावायला सांगते. तुम्ही येणार म्हटल्यावर लावतील की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

सी-१०३ (११:५२)
मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. तोवर मी गाडी बाहेर लावतो. बाक पंपाच्या खोलीमागे उभा करून ठेवलाय, मीच उचलू लागलो होतो. जमिनीतले चार बोल्ट अजून तसेच वर आलेले आहेत. अंधारात कुणीतरी अडखळून पडेल. बाक त्याच्यावर बसवला तर ते तरी झाकतील.

बी-२०२, सेक्रेटरी (११:५५)
तात्पुरतं म्हणून हरकत नाही. पण ठरावाशिवाय कायमचं समजू नये. नोंद असावी.

बी-१०१ (११:५६)
रविवारी सकाळी नऊला मी आहे. अजून दोघं लागतील, जड आहे तो. पाना कुणाकडे आहे?

सी-५०२, आजोबा (११:५७)
माझ्याकडे आहे. नट मी जपून ठेवलेत, चारही.